भगोड्याच्या तीन फेऱ्या

उंबरजाईत पुढाऱ्यांचे फार हाल होतात. गाव सातारा जिल्ह्यातलं, तीनशे उंबऱ्यांचं, आणि त्यातल्या निदान दोनशे घरांतून कुणी ना कुणी फौजेत गेलेलं. वेशीजवळ हुतात्म्यांचा स्तंभ आहे, त्याला काळ्या दगडाचा चौथरा आहे, आणि त्या चौथऱ्याचा कायदा असा, की ज्याने अंगावर वर्दी घातली त्यानेच वर पाय ठेवायचा. त्याशिवाय मान फक्त शहिदाच्या आईला, नाहीतर बायकोला. बाकी जग खाली. आमदार-खासदार तर राहोतच, एका साली खुद्द कलेक्टरसाहेब खाली मातीत उभे राहिले आणि त्यांनी ते हसून मानून घेतलं. पुढाऱ्यांना असं हसता येत नाही. त्यांच्या खुर्च्या शहिदांच्या आयांच्या मागच्या रांगेत मांडतात, त्यामुळे फोटोत नुसतं कपाळ येतं.

दोन वर्षांपूर्वी सव्वीस जानेवारीला तालुक्याचे एक पुढारी, भाऊसो, अंगात फौजी ठिपक्यांचं जाकीट घालून आले. आल्या आल्या माइक धरला आणि शत्रूला कसा घरात घुसून ठोकायचा ते गावाला समजावून सांगायला लागले. ऐकणाऱ्यांत निम्मी माणसं खरोखर घुसून आलेली होती. निवृत्त हवालदार वजीर मुलाणी, ज्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं बर्फाने खाल्ली आहेत, ते लंगडत पुढं गेले आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "साहेब, जाकीट लय झ्याक हाय. कंच्या पलटणीचं?"

"साताऱ्यात घेतलं," भाऊसो म्हणाले.

"मग काढून बसा. येवढी काय थंडी न्हाई."

भाऊसोंनी जाकीट काढलं आणि बसले. त्यानंतर ते उंबरजाईच्या वाटेला गेलेले नाहीत.

ही सगळी शिस्त ज्यांच्या जिवावर चालायची ते म्हणजे सुभेदार नाथाजी निकम. वय बाहत्तर, पाठ सरळ, उजवा गुडघा निकामी. माजी सैनिक संघटनेचे अध्यक्ष. नोकरीतली सहा वर्षं त्यांनी बेळगावला रंगरूट घडवण्यात घालवली होती, त्यामुळे गावातली निम्मी फौज त्यांना आजही 'उस्ताद' म्हणते. चौथऱ्यावरच्या दगडात तेवीस नावं आहेत आणि शेवटचं नाव त्यांच्या थोरल्या मुलाचं, शंभूराजचं. कारगिलच्या साली, जूनमध्ये, पेटी गावात आली. नाथाजी त्या दिवशी रडले नाहीत. पेटीसमोर ताठ उभे राहिले आणि त्यांनी मुलाला कडक सॅल्यूट ठोकला. तो सॅल्यूट बघितलेली माणसं आजही सांगताना आवाज खाली आणतात. गाव अभिमानाने सांगतं, आणि सांगावंच असा तो माणूस होता.

पण त्या माणसाच्या पोटात एक गोष्ट होती, आणि ती बायकोलासुद्धा ठाऊक नव्हती.

धाकटा मुलगा जयराज त्याच साली मे महिन्यात कोल्हापूरला भरतीला उतरला होता. शंभूराजच्या तेराव्याच्या आदल्या दिवशी पोस्टमन आला आणि त्याने पाकीट नाथाजींच्या हातात दिलं. जयराज पास झाला होता. हजर होण्याची तारीखही दिली होती. नाथाजींनी ते पत्र दोनदा वाचलं, घडी घातली आणि स्वतःच्या काळ्या ट्रंकेत तळाशी ठेवून कुलूप लावलं. पुढं जयराज चौकशी करायला लागला तेव्हा ते स्वतः एसटीने कोल्हापूरला गेले, भरती कार्यालयाच्या दारापर्यंत गेले, टपरीवर चहा प्यायले आणि परत येऊन म्हणाले, "तुजं नाव न्हाई लागलं, रं." पोरगा पुन्हा प्रयत्न करतो म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याच्या छातीला टेप लावला. "अर्धा इंच कमी भरतीया. नाद सोड." उस्तादाचाच शब्द तो. जयराजने नाद सोडला.

आज जयराज पंचेचाळीस वर्षांचा आहे, वाई डेपोत ड्रायव्हर आहे, वाई-सातारा गाडी चालवतो. दर सव्वीस जानेवारीला तो ड्यूटीच्या आधी खाकी घालूनच झेंड्याला येतो. म्हातारे फौजी लाडाने म्हणतात, "ये गड्या वर, खाकी बी वर्दीच की." जयराज हसतो आणि दरवेळी तेच उत्तर देतो, "नापासाची जागा खालीच बरी." सगळे हसतात. नाथाजी दगडावरची नावं वाचत असल्यासारखं करतात.

त्याच कारगिलच्या सालचं गावाच्या अंगावरचं दुसरं खांडूक म्हणजे वीरधवल. नाव बघा आणि करणी बघा, असं गाव म्हणायचं. हा पोरगा बेळगावला ट्रेनिंगला होता, जूनमध्ये सुट्टीवर आला, शंभूराजच्या पेटीला त्याने खांदा दिला आणि सुट्टी संपली तरी परत गेलाच नाही. न सांगता पळालेल्याला फौजेत भगोडा म्हणतात. उंबरजाईत चोर चालेल, दारुडा चालेल, पण भगोडा चालत नाही. त्याच्या आईबापाचं पाणी भरणं अवघड झालं. वीरधवल सांगली जिल्ह्यात मामाकडे गेला, दूधसंघात चिकटला, तिथून राजकारणात शिरला आणि बघता बघता आमदार झाला. "आमच्याकडनं पळाला आन् त्यांच्याकडं निवडून आला," असं वजीर म्हणायचे, आणि पारावर हशा पिकायचा. त्या हशात नाथाजींचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. दुसऱ्याच्या भगोडेपणावर हसताना स्वतःचा आवाज मोठा ठेवावा लागतो, नाहीतर तो कापतो.

आणि मग डिसेंबरात ती क्लिप आली.

सांगलीकडच्या कुठल्यातरी सभेतली. आधीच्या वक्त्याने लढाईची आरोळी देऊन मैदान पेटवलेलं, पोरं शिट्ट्या मारतायत, आणि आता आमदारसाहेब त्याहून वरचा सूर लावणार म्हणून सगळे माना उंचावून बसलेले. वीरधवल माइकपाशी आला. त्याने माइक खाली ओढला. मग म्हणाला, "ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. मी फौजेतला भगोडा आहे. कारगिलच्या वेळी सुट्टीवर आलो आणि परत गेलो नाही. पाय मोडला नव्हता, घरी कुणी आजारी नव्हतं. मी भ्यालो. लढाई होऊ द्या असं मोठ्याने म्हणायचा अधिकार ज्यांचा आहे, ते इथं ओरडत नाहीत, गप बसलेत. मी रस्त्यावर बोलेन, पाण्यावर बोलेन. ह्यावर माझ्यासारख्याने बोलू नये." आणि खाली बसला. टाळ्यासुद्धा पडल्या नाहीत.

माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला. कुणी म्हणालं नाटक आहे, कुणी म्हणालं नाटकाला हे असलं कोण सांगेल. वजीरनी लिहिलं, "सव्वीस वर्षं उशिरा, पण रिपोर्टिंग बरोबर हाय." नाथाजींनी काहीच लिहिलं नाही. घरात कुणी नाही असं बघून त्यांनी ती क्लिप अकरा वेळा पाहिली. 'मी भ्यालो' या दोन शब्दांपाशी आलं की त्यांचं बोट आपोआप स्क्रीनवर जायचं आणि क्लिप थांबायची. हजारो माणसांपुढं एवढं बोलायला काय काळीज लागत असेल, असं त्यांना वाटायचं, आणि लगेच स्वतःचाच राग यायचा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला. आवाज ओळखायला वेळ लागला नाही.

"उस्ताद, वीरधवल बोलतोय. औंदा झेंड्याला येऊ का? भाषन न्हाई, हार न्हाई. खाली हुबा ऱ्हातो."

हो म्हणायला काय लागत होतं? पण तो माणूस समोर येऊन उभा राहिला की आपल्याला झेंड्याची दोरी धरवणार नाही, हे नाथाजींना त्याच क्षणी कळून चुकलं. तो येता कामा नये. नाही म्हटलं तर गाव कारण विचारणार. तेव्हा त्यांनी उस्तादाची जुनी युक्ती केली. रंगरुटाला झेपणार नाही असा हुकूम दिला.

"यायचं आसंल तर तुजी शिक्षा बाकी हाय," ते म्हणाले. "वीस किलोचा पिठ्ठू पाठीवर. देवीच्या टेकडीला तीन फेऱ्या, वर-खाली. सव्वीसला सकाळी साडेसहाला. कार्यकर्ता न्हाई, क्यामेरा न्हाई. मग खाली हुबं ऱ्हायचं का न्हाई, ते आमी बघू."

पिठ्ठू म्हणजे पाठीवरचं भरलेलं फौजी दप्तर. फौजेत चुकलेल्याला ते घेऊन पळवतात. कोणता आमदार असला हुकूम ऐकून घेईल? फोन आपटेल, शिवी देईल आणि विषय संपेल, असा त्यांचा हिशेब होता. आयुष्यभर फौजी हुकूम देणाऱ्या माणसाला एकच गोष्ट सुचत नाही, ती म्हणजे समोरचा तो पाळेल.

वीरधवल म्हणाला, "साडेसहाला न्हाई, उस्ताद. सव्वासहाला हजर ऱ्हातो."

आणि तो खरंच आला. सव्वासहाला, एकटा, फाट्यावर गाडी ठेवून चालत. थंडी मी म्हणत होती. उसाच्या फडांवर धुकं होतं आणि कारखान्याला निघालेले ट्रॅक्टर दिवे लावून रस्त्याने जात होते. पायात नवे कोरे बूट, अंगात ट्रॅकसूट आणि पुढं आलेलं आमदारकीचं पोट. वजीरनी आपला जुना पिठ्ठू आणला होता, त्यात विटा आणि जोंधळा भरला होता, आणि दूध डेअरीच्या काट्यावर तो मोजला. एकोणीस किलो सहाशे भरला. वजीरनी इकडं तिकडं बघितलं, रस्त्यावरचा एक धोंडा उचलला आणि आत टाकला. "व्हय, आता न्याय झाला," असं म्हणून पट्टे आवळले.

बातमी कुणी फोडली कोण जाणे, पण पहिली फेरी संपेपर्यंत अर्धा गाव टेकडीच्या पायथ्याशी जमला होता. हसायला आलेले लोक होते, हे उगाच झाकायचं कशाला. पहिल्या फेरीला हसलेही. पोट हलत होतं, बूट चावत होते, उतरताना आमदारसाहेब एकदा चक्क बसूनच खाली आले. दुसऱ्या फेरीला हसू कमी झालं. वीरधवल आता पळत नव्हता, चालत होता, पण थांबत नव्हता. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. दुसऱ्या फेरीच्या शेवटी त्याने बाभळीला धरून सकाळचा चहा ओकून टाकला, तोंड पुसलं, नाथाजींसमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दोन, उस्ताद."

"बास," नाथाजी म्हणाले. "मानलं. ठिव खाली."

"तीन म्हनला व्हता."

त्या क्षणी नाथाजींच्या मनातला राग गेला. कसा गेला ते त्यांनाही कळलं नाही. सहा वर्षांत त्यांच्या हाताखालून हजारभर पोरं गेली होती, चांगली तगडी पोरं, आणि त्यातली कितीतरी 'बास' ऐकल्या ऐकल्या पिठ्ठू फेकायची. हा पंचेचाळिशीचा सुखवस्तू माणूस, ज्याला इथं एक मत मिळवायचं नाही, कारण मतदारसंघच दुसऱ्या जिल्ह्यात, तो उरलेली फेरी मागून घेत होता. आणि शिक्षा देणाऱ्याने शेवटपर्यंत बरोबर राहायचं, हा नाथाजींचा स्वतःचा जुना नियम होता. त्यांनी काठी घेतली.

"आवं, गुडघा!" साळूबाई गर्दीतून ओरडल्या. बायकोकडे न बघता ते टेकडी चढायला लागले.

वर देवीचं छोटं देऊळ आहे. तिथं पोचेपर्यंत सूर्य वर आला होता. नाथाजींचा गुडघा पेटला होता आणि वीरधवलला श्वास पुरत नव्हता. दोघं पायरीवर टेकले. खाली स्तंभाजवळ पोरं चुन्याच्या रेघा मारत होती, ती बोटाएवढी दिसत होती.

"खरं सांग," नाथाजी म्हणाले. "का पळालास?"

"सभेत सांगितलं की. भ्यालो."

"कशाला भ्यालास? मरणाला?"

वीरधवलने पट्ट्यात अंगठे अडकवले. "शंभूच्या पेटीला मी डावीकडनं खांदा दिला व्हता. पेटीवर पांढऱ्या रंगानं त्याचं नाव लिव्हलेलं. चालताना माज्या डोळ्यासमूर तेवढंच. आन् मला त्या जागी माजं नाव दिसाय लागलं. घरी गेलो, झोपलो, उठलो, तरी दिसाय लागलं." त्याने खाली स्तंभाकडे बघितलं. "आन् त्याच दिवशी तुमास्नी बगितलं व्हतं. तुमी सॅल्यूट मारला. डोळ्यात टिपूस न्हाई. मला वाटलं, हे खरं फौजीचं काळीज. आपलं तसलं न्हाई. आपुन ह्या गावचं न्हाईच. म्हनून गेलो. पर तुमाला सांगतो उस्ताद, सव्वीस वर्षं माज्या डोळ्यासमूर एकच मानूस हाय. कवाबी खोटं बोलायची येळ आली की तुमचा त्यो सॅल्यूट आठिवतो. त्या दिवशी माइकवर बी त्योच आठिवला."

नाथाजींना वाटलं, हा पोरगा आपल्या तोंडात मारतोय आणि त्याला ते माहीतसुद्धा नाही. 'अरे, त्या सॅल्यूटनंतर बाराव्या दिवशी मी काय केलं ते ऐक,' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही. पण ते एवढंच म्हणाले, "चल. उतार अवघड आसतो."

उतरताना दोघांनी एकमेकांना धरलं होतं. कोण कुणाला सावरत होतं हे सांगता आलं नसतं. पायथ्याशी आले तेव्हा कुणीच हसत नव्हतं. वजीरनी पुढं होऊन पिठ्ठू उतरवला आणि त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या. "हजेरी लागली रं तुजी," ते म्हणाले. एका म्हातारीने पाण्याचा तांब्या पुढं केला. ज्या गावाने सव्वीस वर्षं त्याच्या नावाने बोटं मोडली, ते गाव त्याच्यासाठी वाट करून बाजूला झालं. उंबरजाई कुणालाही असा मान देत नाही. भाषण करून तर नाहीच नाही.

आठला पाच मिनिटं होती. चौथऱ्यावर माजी सैनिक दोन ओळींत उभे राहिले, छातीवर पदकं लावून. खाली आया, त्यांच्यामागे गाव. वीरधवल घामेजलेल्या ट्रॅकसूटमध्ये अगदी शेवटी उभा होता. त्याच्याजवळच खाकीतला जयराज. ड्यूटी अकराची होती. अध्यक्षाने दोरी ओढायची, म्हणून नाथाजी काठी टेकत चौथऱ्यावर चढले, दोरीला हात घातला आणि तिथंच थांबले.

वजीरनी "परेड, सावधान!" म्हटलं. सगळे ताठ झाले. दोरी हलेना.

"नाथा," वजीर हळूच म्हणाले, "गाठ बसली का?"

"न्हाई," नाथाजी म्हणाले, आणि त्यांनी दोरी सोडली. लोकांकडे तोंड केलं. आयुष्यभर परेडवर ओरडलेला आवाज, त्याला माइक लागत नाही. "गावकरी मंडळी, म्या ही दोरी वडू शकत न्हाई. वीरधवल भगोडा, आसं आपुन सव्वीस वर्षं म्हनत आलो. त्यो एकटाच न्हाई. ज्या साली शंभू गेला, त्या साली माजा जयराज भरतीत पास झाला व्हता. पत्र आलं, माज्या हातात आलं. म्या ते ट्रंकेत लपिवलं आन् पोराला सांगितलं, तू नापास झाला. छाती कमी भरतीया म्हनून सांगितलं. खोटं सांगितलं. एक पोरगं दिलं, दुसरं द्यायला म्या भ्यालो. वीरधवल सवताच्या जिवाला भ्याला आन् ते त्यानं समद्या दुनियेत सांगितलं. म्या पोराच्या जिवाला भ्यालो आन् पोरावरच नापासाचा शिक्का मारला. आज त्याच्या मागं टेकडी चढताना मला लाज वाटली. त्यो माज्यापरीस बरा फौजी हाय."

सावधानमध्ये उभे असलेले फौजी तसेच राहिले. बोलायची, हलायची त्यांना मुभाच नव्हती, पण पहिल्या ओळीतल्या दोघातिघांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. नाथाजी चौथऱ्यावरून खाली उतरले. एका हातात काठी, एक पाय ओढत, सगळ्या गर्दीतून चालत शेवटच्या ओळीत गेले आणि वीरधवलच्या शेजारी ताठ उभे राहिले. वीरधवलने मान खाली घातली नाही की त्यांच्याकडे बघितलं नाही. फक्त अर्धं पाऊल सरकून त्यांना जागा करून दिली.

आता दोरी कुणी ओढायची? वजीरनी आयांच्या ओळीकडे बघितलं. साळूबाई उठल्या. चेहरा दगडासारखा, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. शंभूराजच्या आईला त्या चौथऱ्यावर चढायला कुणाची परवानगी लागत नव्हती. त्या वर गेल्या, दोन्ही हातांनी दोरी ओढली, झेंडा उलगडला, फुलं पडली आणि गावाने राष्ट्रगीत म्हटलं. जयराजही म्हणत होता. त्याचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

राष्ट्रगीत संपलं. लोक पांगेनात. जयराज बापासमोर येऊन उभा राहिला. पंचेचाळीस वर्षांचा आडदांड गडी, पण हनुवटी लहान पोरासारखी थरथरत होती. नाथाजींनी वाट बघितली. शिव्या देईल, हात उचलेल, जे करेल ते घ्यायचं असं ठरवूनच ते उभे होते.

"पास झालो व्हतो?" जयराजने विचारलं.

"व्हय."

"कितवा नंबर?"

"तिसरा. सदुसष्ट पोरांत तिसरा."

जयराज गर्रकन वळला. "आये!" तो चौथऱ्याकडे तोंड करून ओरडला. "आये, म्या पास झालो व्हतो! तिसरा आलो व्हतो म्या!" आणि मग त्याला रडू आवरेना. खाकी शर्टाच्या बाहीने तो डोळे पुसत होता, आणि पुसता पुसता "तिसरा" एवढंच म्हणत होता. वीरधवल पुढं झाला, पण वजीरनी त्याच्या दंडाला धरून त्याला मागं ओढलं.

बऱ्याच वेळाने जयराजने नाक पुसलं आणि बापाकडे बघितलं. त्या नजरेत माफी नव्हती. ती इतक्यात असेल अशी नाथाजींची अपेक्षाही नव्हती.

"पत्र ठिवलंय का फाडलं?"

"ठिवलंय."

"मग घरी चला. अकराला गाडी काढायची हाय. तवर मला ते वाचायचंय."

आणि तो चालायला लागला, ताड ताड, मागं न बघता. नाथाजी काठी टेकत त्याच्या मागून निघाले. टेकडीने गुडघ्याचा पार चुथडा केला होता, अंतर वाढत गेलं. जयराज वळणापर्यंत तसाच गेला. मग वळणावर थांबला, आणि पाठमोराच, रस्त्याकडे बघत, बाप येऊन पोचेपर्यंत उभा राहिला.